न विचारलेला प्रश्न

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी एक विद्यार्थी प्रश्नावली भरून घेतो. जमीन किती, कर्ज किती, कुणाचे. परतताना एसटीत त्याला रडू कोसळते. प्रश्नावलीत त्या रडण्यासाठी रकाना नसतो. हे पुस्तक त्या विद्यार्थ्यासाठी आहे.

भावना बाजूला ठेवली की संशोधन शास्त्रशुद्ध होते, असे आपल्याला शिकवले गेले. मानववंशशास्त्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मॅलिनॉव्स्की यांचा 1922 चा ट्रोब्रिआंड बेटांवरील ग्रंथ क्षेत्रकार्याचा वस्तुपाठ मानला गेला. त्यांची खासगी डायरी 1967 मध्ये छापली गेली, तेव्हा त्याच कामामागचा एकाकीपणा, चिडचिड आणि स्थानिकांविषयीचा तिरस्कारही उघड झाला. तटस्थतेच्या आड हे सारे नांदत होते, फक्त तपासले गेले नव्हते.

फिलिपिन्समधील लुझोन बेटावरचे इलोंगोत लोक मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्दो यांना सांगत, की शोकातून उसळलेला संतापच माणसाला दुसऱ्याचे शिर कापायला लावतो. रोसाल्दोंना हे उत्तर अपुरे वाटे. ते त्यामागचा सिद्धांत शोधत राहिले. 1981 मध्ये त्यांच्या पत्नी मिशेल, त्याही मानववंशशास्त्रज्ञ, लुझोनमध्येच क्षेत्रकार्यावर असताना कड्यावरून पडून वारल्या. त्या शोकात स्वतःचाच संताप अनुभवल्यावर रोसाल्दोंना ते जुने उत्तर कळले.

आपल्याकडे इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख आहे. एकत्र चालणाऱ्या, एकत्र भजन करणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला वेगळ्या बसतात, याचे त्यांना झालेले दुःख त्यांनी लपवले नाही. ते दुःख वगळले, तर जातीची नुसती नोंद उरेल. जात भक्तीच्याही आत किती खोल गेली आहे, हे जाणवणार नाही.

म्हणून नव्या संशोधकांनो, टिपणवहीत तारखेसोबत आपली अवस्थाही लिहा. कोणत्या उत्तराचा राग आला, कुणाच्या घरी पुन्हा जाववले नाही, कोणता प्रश्न ओठांवर येऊन परत गेला. छापायचे काय, ते नंतर ठरवा. आपल्या दुःखाने समोरच्याचे दुःख झाकले जाऊ नये, याची मात्र काळजी घ्या.

एसटीत रडलेल्या त्या विद्यार्थ्यानेही कदाचित एक प्रश्न विचारलाच नसेल. तो कुठे अडला, हे त्याने लिहून ठेवले तर त्याचे पुढचे काम तिथूनच सुरू होईल. या अभ्यासात त्याचे मनापासून स्वागत.