फियाट आणि खंबाटकीचा घाट

आमच्या गावात मोटारीच्या आधी इंजिन आलं. मी लहान होतो तेव्हा आमच्या विहिरीवर मोट चालायची आणि शेजारच्या मळ्यात किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन बसलं होतं. त्याचा फटफट आवाज नदीपर्यंत जायचा. पंपाच्या पाइपातून बोटभर जाडीची एक नळी काढून ती इंजिनच्या अंगात घेतलेली असायची. एका बाजूनं गार पाणी आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं कढत होऊन पाटात पडायचं. बाया तिथं धुणं धुवायच्या, थंडीत आम्ही पोरं त्याच पाण्यानं अंघोळ करायचो. एकदा त्या नळीत शेवाळ अडकलं आणि पाणी बंद झालं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. तासाभरात इंजिन लाल व्हायची पाळी आली आणि पिस्टन धरला. इंजिन गार ठेवायचं असेल तर पाण्याची वाट मोकळी पाहिजे, हे मी त्या वयात डोळ्यांनी बघितलं. पण बघणं वेगळं आणि ध्यानात ठेवणं वेगळं.

'किर्लोस्कर' म्हटलं की आमच्याकडं आधी वाडी डोळ्यापुढं येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळाची जागा दिली आणि 1910 साली तिथं कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर तिथला. डिझेल इंजिनांचा कारखाना पुढं पुण्याला खडकीत निघाला, तरी आमच्या म्हाताऱ्यांच्या लेखी सगळं वाडीचंच. आमचं गावही तेव्हा सातारा जिल्ह्यात. 1949 ला जिल्हा फुटून दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. पण आबा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत 'आपला सातारा जिल्हा' असंच म्हणायचे.

आता मोटारीचं. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा गाडी ओढायला लागते. बाकीची धुरातून जाते आणि लोखंडात मुरते. लोखंडातली काढायला पाणी लागतं. विहिरीवर पाण्याला तोटा नव्हता, कढत झालं की पाटात सोडून द्यायचं. मोटारीला मात्र तेच पाच-सहा लिटर पाणी परत परत वापरायचं असतं. जुन्या काळच्या मोटारी पाणी उकळून वाफ सोडत चालायच्या. 1901 च्या मर्सिडीज गाडीला मायबाख नावाच्या जर्मन इंजिनिअरनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांवर बारीक नळ्या आणि त्यातून वारा. अमेरिकेतल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तर पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, गार झालेलं खाली उतरायचं. पुढं सगळ्याच गाड्यांना पंप आले, आणि गाडी थांबलेली असली तरी वारा मिळावा म्हणून पट्ट्यावर फिरणारा पंखा आला.

तसा पंखा आमच्या फियाटला होता. तिचं कागदावरचं नाव प्रीमियर पद्मिनी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे तेच हे वालचंदशेठ. इटलीच्या फियाट कंपनीची अकराशेची गाडी ते कुर्ल्याला बनवू लागले आणि 1974 पासून तिला 'पद्मिनी' नाव पडलं. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगला. गावात मात्र तिला फियाटच म्हणायचे.

1993 साली उसाचं बिल बरं आलं आणि आम्ही दोघा भावांनी 1984 सालची फियाट जुन्यात घेतली. पांढरी होती. आबा रोज फडक्यानं पुसायचे, बैलाच्या अंगावरनं हात फिरवावा तशी. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं काम आमचंच. कुठलं पाणी? विहिरीचं. हाताशी होतं म्हणून.

1996 च्या मे महिन्यात पुण्याला आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. परत येताना मी गाडी चालवत होतो, धाकटा भाऊ शेजारी, आबा मागं डोळ्याला पट्टी बांधून. खंबाटकी घाटात तेव्हा बोगदा नव्हता, चढणारी-उतरणारी सगळी वाहनं एकाच रस्त्यानं. दुपारचे दोन वाजलेले. पुढं साखरेच्या पोत्यांचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत होता. काटा तांबड्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतनं वाफ यायला लागली. घाटात खामजाईचं देऊळ आहे, तिथपर्यंत पोचू असं वाटलं होतं, पण गाडी अलीकडंच बंद पडली. मी भावाला म्हणालो, "टोपण काढ आणि पाणी घाल."

तो म्हणाला, "दादा, लय तापलीया. थांबूया जरा."

मी म्हणालो, "आबा उन्हात बसल्यात मागं. उघड की रं, काय हुतंय?"

रेडिएटरचं टोपण कुकरच्या झाकणासारखं असतं. आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी 100 अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही. टोपण सैल झालं की दाब सुटतो आणि त्या क्षणाला सगळ्या पाण्याची वाफ व्हायला लागते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एक फवारा उडालेला दिसला आणि भावाची किंकाळी ऐकू आली. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. आबा मागं पट्टीखालनं विचारत होते, "काय झालं रं? कोण वरडलं?" कुणीच उत्तर दिलं नाही. एका टेम्पोवाल्यानं त्याला वाईला नेलं.

जखम तीन महिन्यांत भरली. कातडी गुलाबी राहिली ती राहिलीच. भाऊ मला काही बोलला नाही. पण त्यानंतर तो फियाटमध्ये बसला नाही. आम्ही एका घरात जेवत होतो, एका बांधावर काम करत होतो आणि त्या दिवसाविषयी एक शब्द बोलत नव्हतो. माफी मागायचं माझ्या तोंडातून निघालं नाही. मोठ्या भावानं धाकट्याची माफी मागायची आमच्याकडं रीत नाही. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि जास्त पात्यांचा पंखा बसवला. आवाज वाढला, पेट्रोल वाढलं, गाडी तापायची ती तापतच राहिली. 2001 मध्ये आबा गेले. नंतर फियाट गोठ्याशेजारच्या शेडमध्ये लागली ती लागलीच. तिच्यावर आम्ही पेंडीची पोती ठेवायचो.

त्याच सुमाराला आमचं नदीकडचं रान बिघडत होतं. कृष्णाकाठाला उसाला पाणी पाजून पाजून पुष्कळांची रानं क्षारपड झाली, त्यातलंच आमचं. वरून पांढरी भुकटी, खाली चिखल, वाफसा म्हणून येत नाही. ऊस पिवळा पडला की आम्ही खत वाढवायचो, तरी नाही जमलं की आणखी एक पाणी द्यायचो. शेवटी एक कृषी सहायक म्हणाले, "वरनं कितीबी घाला, खालनं निघायला वाट हाय का?" मग चर खोदून सच्छिद्र पाइप गाडले, पाणी नाल्याला काढलं. चौथ्या वर्षी रान धरलं.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्याची बातमी आली. भावाचा मुलगा सांगलीला डिप्लोमा झालेला. तो म्हणाला, "काका, आपली शेडमधली काढूया का?" मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, "काढा की. मला काय इचारताय."

पुतण्यानं रेडिएटर उतरवला आणि आम्ही तो इस्लामपूरला पितळेच्या रेडिएटरवाल्याकडं नेला. त्यानं वरची टाकी डाख वितळवून उघडली. आत बघितलं तर जवळजवळ निम्म्या नळ्या बंद. पांढरा, कडक थर, नदीकडच्या रानावर यायचा तसाच. आम्ही वर्षानुवर्षं घातलेल्या विहिरीच्या पाण्याचे क्षार. बाहेरच्या पत्र्यांत माती आणि उसाच्या पाचटाचं भुसकाट. मी तिथंच पायरीवर बसलो. मोठा पंखा लावून काय होणार होतं? वाराच आत शिरत नव्हता, आणि पाणीही फिरत नव्हतं. रानाला खत आणि गाडीला पंखा, आम्ही एकच चूक दोनदा केली.

कारागिरानं एकेका नळीतनं पातळ सळई घालून थर काढला आणि टाकी परत डाखली. इंजिनच्या अंगातलं पाणी तांबडं निघालं, ते स्वच्छ येईपर्यंत धुतलं. नवे रबरी पाइप, नवं टोपण, नवा थर्मोस्टॅट. तो काढून टाकल्यानं तापणं थांबत नाही. उलट सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं.

एवढं झाल्यावर पंखा. पट्ट्यावरच्या पंख्याची अडचण अशी की इंजिन जागेवर हळू चालू असलं की पंखाही हळू. आणि नेमकं तेव्हाच, गर्दीत, वारा मिळत नाही. मारुती 800 चं इंजिन आडवं असतं, त्यामुळं रेडिएटरपर्यंत पट्टा पोचत नाही. म्हणून तिला पहिल्यापासून विजेचा पंखा. तसलाच एक पुतण्यानं जुन्या बाजारातनं आणला. पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं, म्हणजे वारा बाजूनं न जाता जाळीतूनच ओढला जातो. पाणी नव्वद अंशाच्या वर गेलं की पंखा आपोआप सुरू व्हावा म्हणून सेन्सर बसवला, मध्ये रिले आणि फ्यूज. जुना डायनामो गाडी उभी असताना पुरेशी वीज देत नाही, म्हणून अल्टरनेटर घातला.

पहिल्या दिवशी पंखा फिरला तरी काटा चढत गेला. पुतण्या चक्रावला. भाऊ लांब खाटेवर बसून बघत होता. तो उठला, खिशातला बिलाचा कागद काढून गाडीच्या पुढच्या जाळीला लावला. कागद चिकटायला पाहिजे होता, तो उडून पडला. म्हणाला, "उलटा फिरतुया. वायरी बदल." उपणताना वारा कुठनं येतो हे ज्यानं जन्मभर बघितलं, त्याला ते कळलं. वायरी बदलल्या आणि कागद जाळीला बसला.

परत पासिंग करून घेतल्यावर मागच्या वर्षी मे महिन्यातच आम्ही पुण्याला लग्नाला गेलो. भाऊ न बोलता पुढच्या सीटवर बसला. जाताना बोगदा, येताना घाट. बोगदा झाल्यावर त्यातून पुण्याकडं जायचे आणि घाटातून साताऱ्याकडं यायचे, एवढा फरक. गर्दी तीच. कंटेनरच्या मागं आम्ही अर्धा तास अडकलो. काटा वर सरकला आणि पंखा घुर्रकन सुरू झाला. काटा खाली आला आणि पंखा बंद पडला. असं पाच-सहा वेळा झालं. मी काट्याकडं बघत होतो आणि भाऊ माझ्याकडं.

माथ्यावर गाडी बाजूला घेतली. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला उघड म्हणायला नको हुतं. चुकलं माझं."

त्यानं उजवा हात बॉनेटवर ठेवला, गुलाबी कातडीचा तोच हात. जरा वेळानं म्हणाला, "आबांनी शेवटपतूर इचारलं, कोण वरडलं म्हणून. मी सांगिटलं न्हाई."

मग चहा घेतला आणि वेळ्याच्या बाजूला उतरलो. पाण्याची बाटली मागं तशीच भरलेली होती, ती लागली नाही.