खांडव्याचे कोठार आणि चोरटा गांजा

गांजाला कायद्याची मुभा देऊन त्यावर कर बसविला, तर त्याचा काळाबाजार बंद पडेल काय? परदेशांत आज हा प्रश्न मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो. आपल्याकडेही तो परका राहिलेला नाही. नागपूरच्या दक्षिणेस बेसा परिसरात शेते मागे हटून वसाहती उभ्या राहिल्या, आणि वाढत्या वयाची मुले असलेल्या तेथील घरांना हा प्रश्न जवळचा वाटू लागला आहे. परंतु या प्रश्नाचा विचार आपल्याच प्रांतात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी बनले. या प्रांतात गांजाची सरकारमान्य लागवड निमाड जिल्ह्यात, खांडव्याच्या आसपास केंद्रित झालेली होती. शेतकऱ्याने परवाना घ्यावा, पीक सरकारी देखरेखीखालील कोठारात जमा करावे, व्यापाऱ्याने कर भरून माल उचलावा आणि दुकानदाराने परवान्यावर तो विकावा, अशी ही पद्धत होती. शेतापासून दुकानापर्यंत मालावर नजर ठेवणे हा तिचा गाभा होय.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात या व्यसनाविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. त्यांपैकी तीन सदस्य भारतीय होते. मध्यप्रांतात अधिकारी असलेले अँड्रयू फ्रेझर हेही त्यात होते. आयोगाने सुमारे १२०० साक्षीदारांचे म्हणणे ऐकले आणि १८९४ साली अहवाल दिला. सरसकट बंदी आवश्यक नाही व इष्टही नाही. लागवड मर्यादित करावी, परवाने द्यावेत व कर घ्यावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

आयोगाने कराबाबत दिलेला इशारा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. कर इतका जड असावा की व्यसन महाग पडावे. पण इतकाही जड नसावा की लोकांनी चोरट्या मालाकडे किंवा अधिक घातक पदार्थांकडे वळावे. शेजारच्या संस्थानांतील कमी कराचा माल आत येऊ लागला, तर एका प्रांताने केलेला बंदोबस्त फोल ठरतो, हेही त्याने ओळखले होते.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर धोरण पालटले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाखेरीज गांजावर देशभर बंदी आली. भांगेची पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. बंदीने दुकाने मिटली, पण व्यापार मिटला नाही. ओडिशा व आंध्रच्या डोंगराळ भागातून येणारा गांजा नागपूरच्या रेल्वेमार्गावर पोलिसांच्या हाती लागत असतो. ज्या मालावर पूर्वी कोठाराची कुलपे होती, त्यावर आता कोणाचीच देखरेख नाही.

मग मुभा देणे हाच उपाय काय? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून गांजाची कायदेशीर विक्री सुरू झाली. परंतु करांचा बोजा जड आणि अनेक गावांत दुकानांना मनाई, यामुळे चोरटा बाजार टिकून राहिला. अखेर २०२२ साली तेथील लागवडकर रद्द करावा लागला. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी मुभा मिळाली. प्रारंभी टंचाई होती. पुढे दुकाने वाढली, भाव उतरले आणि पुष्कळसे गिऱ्हाईक कायदेशीर दुकानांकडे वळले. तथापि भाव उतरला की व्यसन स्वस्त होते, हे विसरता येत नाही.

आयोगाने सांगितलेला तोल आजही तितकाच अवघड आहे. कर वाढविला तर चोराचे फावते, आणि उतरविला तर व्यसनाचे. शिवाय ज्या सरकारची तिजोरी व्यसनावर भरते, त्याला व्यसन घटावे असे मनापासून वाटेलच याची खात्री कोणी द्यावी? कर आणि परवाना यांनी बाजाराला वळण लावता येते. मुलांना वळण लावण्याचे काम घराकडेच राहते. कोवळ्या वयातील मेंदूला गांजा अपायकारक आहे, हे आज वैद्यकशास्त्र स्पष्टपणे सांगते. म्हणून कायदा कोणत्याही बाजूने झुकला, तरी घरातील संवाद थांबू नये, असे आम्हांस वाटते.