तळटीप : थायलंडच्या शिवारातले कावळे

१. ‘कावळ्यांवर खेकसत’ : थायलंडच्या खेड्यांतला हा कावळा सर्वांगाने काळा आणि जाड चोचीचा, म्हणजे आपल्या डोमकावळ्याचा भाऊबंद. पेरलेला मका किंवा भुईमूग उकरून खाणारा आणि कोंबडीची पिल्ले पळवणारा म्हणून तो शेतकऱ्याला नकोसा असतो. बुजगावणे हलत नाही, हे त्याला लवकरच उमगते. म्हणून बुजगावण्याची जागा सतत बदलावी लागते. मात्र हाच कावळा किडे, उंदीर आणि मेलेली जनावरेही खातो, हे त्याच्यावर खेकसताना कुणी लक्षात घेत नाही.

लोककथेत त्याचा मान मोठा आहे. उत्तर थायलंडमधील कथेनुसार पांढऱ्या कावळीची पाच अंडी वादळात वाहून गेली आणि त्यांतून गौतमासह पाच बुद्ध जन्मले. तिच्या स्मरणार्थ कावळ्याच्या पायासारखी वात वळून दिवा लावतात. कोकिळेची अंडी उबवणारी कावळी तर थाई अंगाईगीतातही आहे, आणि तिथे ती प्रेमळ आईच आहे. पुढच्या प्रकरणातील आजीची कावळीबद्दलची माया वाचकांनी या संदर्भात वाचावी.

— संपादक