पंचवीस अंशांची परीक्षा, साठ अंशांचा रस्ता



लश्करमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीची एक आठवण सारखीच असेल. एप्रिलच्या शेवटी पेपर देऊन दुपारी घरी येताना चप्पल रस्त्याला चिकटायची. घरी आल्यावर आई रॉकेलने डाग काढायची आणि वर रागवायची. आपण त्याला 'डामर' म्हणायचो, पुण्याचे नातेवाईक 'डांबर' म्हणून सुधारायचे!

हे डांबर रस्त्यावर आलं कसं? आधी खडी दाबून केलेले रस्ते होते. मोटारी आल्या आणि टायरमुळे धूळ उडू लागली. १९०२ साली मोनाकोत गुग्लिएल्मिनेटी नावाच्या स्विस डॉक्टरने रस्त्यावर कोळशाचं डांबर पसरून धूळ बसवून दाखवली. पुढे पेट्रोलियमपासूनचं बिटुमेन आलं. आपल्याकडे १९२७ मध्ये रस्त्यांसाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो पैसा रस्त्यांना द्यावा, ही त्यांची शिफारस. त्यातून १९२९ साली रस्ता निधी उभा राहिला.

पैशाची सोय झाली, पण ग्वाल्हेरचं हवामान तेच राहिलं. उन्हाळ्यात ४५ अंश, हिवाळ्यात पहाटे ४-५. हवा ४५ असली की काळा रस्ता ऊन पिऊन ६० च्या पुढे जातो. डांबर तापलं की सैल होतं. धावत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचं वजन त्याला जास्त सोसत नाही, म्हणून बस स्टॉपवर आणि नाक्यावर चाकोऱ्या पडतात. थंडीत तेच डांबर कडक होऊन आकसतं. त्यात वर्षानुवर्षं ऊन आणि हवा लागून ते ठिसूळ झालेलं असतं, मग चिरा पडतात. त्या चिरांतून पावसाचं पाणी आत शिरतं. जुलैत दिसणाऱ्या खड्ड्याचं बी कितीदा जानेवारीत पेरलेलं असतं. आपण मात्र शिव्या पावसाला देतो.

गंमत पुढे आहे. डांबराची प्रत ठरवण्याची जुनी परीक्षा होती सुईची. २५ अंश तापमानात १०० ग्रॅम वजनाने सुई ५ सेकंद टोचायची आणि ती किती आत गेली ते मोजायचं. ८ ते १० मिलिमीटर गेली तर '८०/१००' प्रत. पण २५ अंशांवर सारखी वाटणारी दोन डांबरं ६० अंशांवर अगदी वेगळी वागू शकतात. म्हणजे परीक्षा सावलीत आणि नोकरी उन्हात! २००६ साली आपलं मानक आयएस ७३ बदललं आणि ६० अंशांवरचा घट्टपणा मोजून व्हीजी-१०, व्हीजी-३० अशा प्रती ठरल्या. अमेरिकेत तर त्या जागेचा उन्हाळा आणि हिवाळा अशी दोन्ही टोकं धरून डांबर निवडतात.

तिसरं तापमान असतं रस्ता घालतानाचं. खडी-डांबराचा माल प्लांटमधून साधारण १५० अंशांवर निघतो. तो १०० च्या आसपास उतरायच्या आत रोलरने दाबून झाला पाहिजे. थंड माल नीट दबत नाही, आत पोकळ्या राहतात आणि पहिल्याच पावसात रस्ता उखडतो.

हे लिहायचं खरं कारण सांगतो. बँकेत असताना एका लहान ठेकेदाराचं कर्ज माझ्या सहीने मंजूर झालं होतं. जानेवारीच्या रात्री लांबच्या प्लांटवरून माल आणून त्याने काम उरकलं. पावसाळ्यात रस्ता गेला, बिल अडकलं, खातं थकलं. वसुलीची नोटीस घ्यायला आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहब, माल अच्छा था, ठंडा हो गया था." मला ती सबब वाटली. कॉमर्सचा माणूस मी, ताळेबंद वाचला, थर्मामीटर नाही. निवृत्तीनंतर हे सगळं वाचलं तेव्हा वाटलं, तो बहुधा खरं बोलत होता. नोटीस तरीही द्यावीच लागली असती, पण त्याला खोटारडा समजायला नको होतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या गल्लीत रस्ता होत असेल तर खडीकडे बघाच, पण मालाचं तापमान किती, हेही विचारा. आणि तुमच्या गावचा पहिला डांबरी रस्ता कोणता, घरात कोणाला आठवत असेल तर जरूर कळवा.