आरशाची पाठ आणि आरशाची मूठ

कांचेचा आरसा घरोघरीं आला तो अलीकडे. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें माणूस आपलें मुख घांसून लखलखीत केलेल्या धातूच्या तबकडींत न्याहाळीत असे. तबकडीची एक बाजू मुखासाठीं. कारागिराच्या कल्पनेला वाव राही तो पाठीवर किंवा मुठींत. यांपैकीं चिन्यांनीं पाठ पत्करली.

हान घराण्याच्या काळांतील (इ. स. पूर्व २०६ ते इ. स. २२०) कांशाच्या कित्येक आरशांच्या पाठीवर सबंध विश्वच मांडलेलें आहे. वाटोळी कड म्हणजे आकाश, आंतील चौकोन म्हणजे पृथ्वी. पूर्वेस नीलवर्ण ड्रॅगन, दक्षिणेस शेंदरी पक्षी, पश्चिमेस श्वेत व्याघ्र आणि उत्तरेस सर्पानें वेढलेलें काळें कासव. आपल्या दिक्पालांचे हे जणू दूरचे सोयरेच! चौकोनाभोंवतीं ज्या काटकोनी खुणा दिसतात, त्याच त्या काळच्या ‘ल्यूबो’ नांवाच्या खेळाच्या पटावरही असत. कडेनें कोरलेल्या अक्षरांत दीर्घायुष्य व संतति यांची इच्छा व्यक्त केलेली असे. मधोमध एक उंचवटा असून त्याच्या भोकांतून दोरी ओंवीत. त्यामुळें मुठीची गरजच नसे. असे आरसे मृतांबरोबर थडग्यांतही ठेवीत, यावरून त्यांचा उपयोग केवळ शृंगारापुरता नव्हता हें उघड आहे.

दक्षिणापथांतील कारागिराचें कौशल्य मुठींत दिसतें. इ. स. १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें मैउरी या पुराणवस्तुसंशोधकास वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. तेव्हां मूर्ति त्यापूर्वींचीच. अंगावर अलंकारांची रेलचेल आणि दोन्ही बाजूंस शृंगाराचीं पात्रें घेतलेल्या चिमुकल्या दासी. डोक्यांतून खालीं भोंक पाडलेलें असल्यामुळें ही आरशाची मूठ असावी असें अनेकांचें मत आहे. कांहीं जण तिला लहान चौरंगाचा पाय समजतात. तिला प्रथम लक्ष्मी म्हटलें गेलें. परंतु लक्ष्मीजवळ शृंगारपात्रें घेतलेल्या दासी कशाला? यक्षी हेंच नांव अधिक सयुक्तिक दिसतें.

अशाच धाटणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ति महाराष्ट्रांत धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें व जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें मिळाल्या आहेत. भोकरदनची मूर्ति १९७३ च्या उत्खननांतील असून तिचा खालचा भागच उरला आहे. तरी साम्य लपत नाहीं. डॉ. म. के. ढवळीकर यांनीं पाँपेईची यक्षी भोकरदनचीच मानली. आक्षेप एवढाच कीं, तिच्या बैठकीवर एक खरोष्टी अक्षर आहे, आणि ती लिपि वायव्येची. पण एका अक्षरावरून जन्मगांव ठरविणें धाडसाचें होय. हस्तिदंती काम दूरदूर हिंडत असे, अक्षर वाटेंतही पडूं शकतें.

चिनी आरशांत पाहणारा विश्वाला पाठीशीं धरतो. येथें स्त्री यक्षीला मुठींत धरते, आणि यक्षीच्या मस्तकावर तिला स्वतःचें मुख दिसतें. मंगलाची कल्पना दोन्हीकडे आहेच. पण एकीचा आधार दिशा, तर दुसरीचा भरल्या अंगाची स्त्री.

ही मूठ समुद्रापर्यंत गेली कशी? आटगावावरून आगगाडी ज्या थळघाटाकडे चढते ती एक जुनी वाट. शेजारच्या मुरबाडावरून नाणेघाटास जाते ती दुसरी, तिच्या माथ्यावर सातवाहनांचे लेख आहेत. दोन्ही वाटा कल्याण बंदराच्या. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो कीं, तगर म्हणजे तेर येथील माल गाड्यांनीं भडोचास जाई, आणि कल्याणास आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जात. म्हणून मुरबाडच्या वाटेचा मोह आवरून यक्षीचा प्रवास भडोचमार्गेंच झाला असें मानणें प्राप्त आहे.