जुन्या मोटारसायकलींतील कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो

कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो म्हणजे कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये ठरलेल्या पातळीपेक्षा अधिक पेट्रोल साचून ते बाहेर किंवा थेट इंजिनात वाहू लागणे होय. गॅरेजच्या बोलीत यालाच ‘पेट्रोल ओव्हर होणे’ असे म्हणतात. जावा, येझदी, राजदूत, जुनी बुलेट यांसारख्या, टाकीतून केवळ उतारामुळे पेट्रोल मिळणाऱ्या मोटारसायकलींत हा दोष वारंवार आढळतो. त्याचे मूळ बहुधा फ्लोट, नीडल आणि सीट या तीन भागांतच असते. त्यामुळे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवून तो दूर होत नाही. दुर्लक्ष केल्यास पेट्रोलची नासाडी, इंजिनाची झीज आणि आग असे तिन्ही धोके संभवतात.

## पार्श्वभूमी

भारतातील दुचाकी उद्योगात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. बजाज ऑटोचा आकुर्डी येथील कारखाना आणि कायनेटिक समूह यांच्यामुळे शहरात दुचाकी दुरुस्तीची मोठी परंपरा निर्माण झाली. वेताळ टेकडीवर असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. पुण्याच्या रस्त्यांवर स्थानिक स्कूटरींबरोबरच बाहेरच्या मोटारसायकलीही मोठ्या संख्येने होत्या. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेली रॉयल एनफील्ड बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा व येझदी, तसेच पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवर आधारलेली एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत या त्यांपैकी प्रमुख होत. आयडियल जावाचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. परिणामी कार्ब्युरेटर उघडून जुळवण्याचे कौशल्य आता मुख्यतः जुन्या गाड्या हाताळणाऱ्या कारागिरांकडे व हौशी मालकांकडे उरले आहे.

## रचना व कार्य

टाकीतील पेट्रोल कॉकमधून नळीद्वारे कार्ब्युरेटरकडे येते. तेथे पितळी सीटच्या छिद्रात टोकदार नीडल बसलेली असते. चेंबर भरू लागला की फ्लोट वर उचलला जातो आणि नीडलला सीटवर दाबून पेट्रोल बंद करतो. इंजिनाने पेट्रोल ओढल्यावर पातळी उतरते, फ्लोट खाली येतो व छिद्र पुन्हा उघडते. घरातील पाण्याच्या टाकीचा कॉकबॉल याच तत्त्वावर चालतो.

काही जुन्या कार्ब्युरेटरांत नीडल फ्लोटच्या मधोमध आरपार गेलेली असून ती क्लिपने पकडलेली असते. नंतरच्या रचनेत फ्लोट आडव्या पिनवर बिजागरीप्रमाणे झुलतो आणि त्याची पट्टी नीडलला दाबते. जावा व येझदीच्या जिकोव्ह कार्ब्युरेटरला ‘टिकलर’ नावाची दाबकळ असते. ती दाबली की फ्लोट खाली ढकलला जातो व थोडे जादा पेट्रोल येते. थंड इंजिन सुरू करण्यासाठी मुद्दाम केलेला हा तात्पुरता ओव्हरफ्लो होय. टिकलर सोडल्यावरही पेट्रोल वाहतच राहिले तर तो दोष समजावा.

## लक्षणे

* इंजिन बंद व कॉक उघडा असताना कार्ब्युरेटरखाली पेट्रोल ठिबकणे.
* गाडीभोवती पेट्रोलचा सतत वास येणे.
* अनेक किका मारूनही गाडी सुरू न होणे आणि स्पार्क प्लग ओला निघणे.
* सुरू झाल्यावर काळा धूर येणे, प्लगवर काजळी धरणे व मायलेज घटणे.
* बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत इंजिन ऑइल पातळ होऊन त्याला पेट्रोलचा वास येणे.

काळा धूर व काजळी ही लक्षणे चोक अडकल्यास किंवा मोठ्या मापाचा जेट बसवल्यासही दिसतात. मात्र त्या दोषांत बंद गाडीतून पेट्रोल ठिबकत नाही. दोन्हींतील हा फरक निदानासाठी निर्णायक ठरतो.

## कारणे

कचरा : टाकीतील गंजाचा बारीकसा कण नीडल व सीट यांच्यामध्ये अडकला तरी छिद्र पूर्ण बंद होत नाही. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत ओलावा धरून गंज वाढतो. त्यामुळे बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत हे कारण प्रथम तपासावे.

चिकटलेली नीडल : टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यास पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेल्या चिकट थरात नीडल अडकते.

झीज : अनेक वर्षांच्या कंपनांमुळे नीडलच्या शंकूवर गोल खाच पडते. अशी नीडल स्वच्छ केली तरी गळतच राहते.

फुटका फ्लोट : पितळी फ्लोटच्या सांध्याला सूक्ष्म छिद्र पडले की आत पेट्रोल शिरते. जड झालेला फ्लोट पुरेसा वर येत नाही व पातळी वाढते.

चुकीची पातळी : फ्लोटची पट्टी वाकलेली असणे, क्लिप चुकीच्या खाचेत बसणे किंवा दुसऱ्या मॉडेलचा फ्लोट लावणे यांमुळे नवे भाग घालूनही दोष कायम राहतो.

इतर : टिकलरची पिन खाली अडकणे, फ्लोट चेंबरच्या भिंतीला घासणे किंवा गाडी साइड स्टँडवर फार कलती उभी करणे.

चेंबरच्या गॅस्केटमधून होणारी गळती याहून वेगळी असते. त्या वेळी पातळी योग्यच असते, पण सांध्याभोवती ओल दिसते. स्क्रू अतिरिक्त आवळल्याने मऊ मिश्रधातूची कड वाकली की ही गळती सुरू होते. आणखी आवळल्यास ती वाढतेच.

## निदान

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे केल्यास अनावश्यक खर्च टळतो.

१. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी डबल स्टँडवर उभी करावी. इंजिन थंड असावे. कार्ब्युरेटर बाहेरून पुसून खाली कोरडा कागद ठेवावा आणि कॉक उघडावा. काही मिनिटांत कागद ओला झाल्यास पेट्रोल नेमके कोठून येते ते पाहावे.

२. कार्ब्युरेटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करावी. ठिबकणे थांबल्यास नीडल अडकली होती किंवा कचरा होता असे समजावे. हा तात्पुरता उपाय असून साफसफाई करावीच लागते.

३. कॉक बंद करून चेंबर उघडावा. तळाशी लालसर गाळ असल्यास दोषाचे मूळ टाकीत आहे. अशा वेळी केवळ कार्ब्युरेटर धुतल्यास थोड्याच दिवसांत दोष पुन्हा उद्भवतो.

४. पितळी फ्लोट कानाजवळ धरून हलवावा. आत द्रव डुचमळल्याचा आवाज आल्यास तो फुटका आहे. शंका असल्यास तो गरम पाण्यात बुडवावा. आतील हवा प्रसरण पावून छिद्रातून बुडबुडे येतात. पाणी शेगडीवरून उतरवून दूर आणल्यावरच ही चाचणी करावी.

५. नीडल उजेडात फिरवून पाहावी. शंकूवर नखाला जाणवणारी कडा असल्यास ती बदलावी.

६. प्रवेशनळीला स्वच्छ, कोरडी रबरी नळी जोडून हळू फुंकावे. फ्लोट बंद स्थितीत बोटाने अलगद धरल्यावर हवा पूर्ण अडली पाहिजे.

## दुरुस्ती

सीटमधील मळ कापसाच्या बोळ्याने व थोड्या मेटल पॉलिशने काढता येतो. व्हॉल्व्ह घासण्याची खरखरीत पेस्ट येथे वापरू नये. तिने सीटचा आकार बिघडतो, आणि अनेक जुन्या कार्ब्युरेटरांत सीट बदलता येत नाही. नीडल व सीट दोन्ही बदलता येत असतील तर जोडीनेच बदलावीत.

फुटक्या फ्लोटला डाग देण्यापूर्वी आतील पेट्रोल पूर्णपणे काढून तो वाळवावा. आत वाफ उरली असताना उष्णता दिल्यास स्फोट होऊ शकतो. डाग देण्यासाठी उघडी ज्योत न वापरता इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्न वापरावे आणि शिसे कमीत कमी लावावे. प्रत्येक थेंबाने फ्लोटचे वजन वाढते व पेट्रोलची पातळी वर सरकते. म्हणून दुरुस्तीनंतर पातळी पुन्हा तपासणे आवश्यक असते.

फ्लोटची उंची प्रत्येक मॉडेलला वेगळी असते व ती निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार ठेवावी. झुलत्या फ्लोटच्या अनेक कार्ब्युरेटरांत बॉडी उलटी धरली असता फ्लोटची पट्टी गॅस्केटच्या पृष्ठभागाशी समांतर यावी लागते. पट्टी वाकवताना ती नीडलवर टेकवून दाबू नये, अन्यथा नवी नीडलही खराब होते.

शेवटी टाकी धुऊन कॉकची जाळी साफ करावी. नळीत फिल्टर बसवायचा असल्यास तो उताराच्या प्रवाहाला अडथळा न करणारा असावा.

इंजिनात आधीच पेट्रोल शिरले असल्यास किक जोराने मारू नये. कॉक व इग्निशन बंद करून प्लग काढावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि हळूहळू किक फिरवून पेट्रोल बाहेर काढावे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे पातळ झालेले ऑइल बदलावे.

## इथेनॉलमिश्रित पेट्रोल

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री देशात २०२३ मध्ये सुरू झाली व पुढे ते सर्वत्र मिळू लागले. इथेनॉल उत्तम विद्रावक असल्याने टाकीतील जुना थर सुटून कार्ब्युरेटरपर्यंत येऊ शकतो. जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते किंवा कडक होते. इथेनॉल ओलावाही शोषते. पाणी जास्त झाल्यास पाणी व इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. म्हणून गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा करणे हिताचे ठरते.

## धोके व खबरदारी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. वाड्याच्या बोळात किंवा इमारतीच्या जिन्याखाली रात्रभर उभ्या असलेल्या गळक्या गाडीचा धोका त्यामुळे केवळ मालकापुरता राहत नाही. दूरवरचा दिवा, शेगडी किंवा विजेच्या बटणाची ठिणगीही पुरेशी ठरते. प्रत्येक वेळी गाडी उभी करताना कॉक बंद करणे हा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे. मात्र त्याने मूळ दोष जात नाही, कारण चालत्या गाडीत तो तसाच राहतो.

## सुटे भाग व नियम

पुण्यात दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने नाना पेठेत एकवटलेली आहेत, तर जुन्या बाजारात वापरलेले भाग मिळतात. नमुन्यादाखल जुनी नीडल सोबत नेल्यास लांबी व शंकू जुळवून घेता येतो. संपूर्ण नवा पर्यायी कार्ब्युरेटर बसवणे वरवर सोपे वाटते. परंतु मूळ कार्ब्युरेटर बहुतेक वेळा दुरुस्त होण्याजोगा असतो व एकदा भंगारात गेल्यावर पुन्हा मिळणे कठीण असते. त्यामुळे तो जपून ठेवावा.

मार्च २००० अखेरपर्यंत तयार झालेल्या दुचाकींना पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम ही मर्यादा आहे. ओव्हरफ्लो असलेली गाडी ही मर्यादा सहज ओलांडू शकते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे बदल केलेले नसावेत अशी अट आहे. अशी वाहने रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात.

## हे देखील पाहा

* कार्ब्युरेटर
* टू-स्ट्रोक इंजिन
* रॉयल एनफील्ड बुलेट
* येझदी
* इथेनॉल