शुक्रवारी बंद, सोमवारी चालू



परवा आईने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे बँक बुडाली तर पैसे कधी मिळतात रे?" मी म्हटलं, बहुतेक सोमवारी. तिला थट्टा वाटली. वाटणारच. आमच्या आत्याचे तीन लाख गावच्या सहकारी बँकेत अडकले, तेव्हा विम्याचा एक लाख हातात पडायला चार वर्षं लागली होती.

पण इथे खरंच तसं होतं. बँक सहसा शुक्रवारी संध्याकाळी बंद करतात, शनिवार-रविवारी एफडीआयसीची माणसं हिशेब जुळवून ठेवी दुसऱ्या बँकेकडे सोपवतात, आणि सोमवारी तेच काउंटर नव्या नावाने उघडतं.

हे शहाणपण महागात पडलेलं आहे. 1930 ते 1933 मध्ये अमेरिकेत सुमारे 9,000 बँका बुडाल्या. मार्च 1933 मध्ये रूझवेल्टनी देशातल्या सगळ्याच बँकांना टाळं लावलं. गंमत म्हणजे ठेवींच्या विम्याला सुरुवातीला खुद्द त्यांचाच विरोध! बेफिकीर बँकांचं ओझं चांगल्या बँकांनी का वाहायचं, असं मोठ्या बँकवाल्यांचंही म्हणणं. अलाबामाचे हेन्री स्टीगल मात्र लहान गावांतल्या बँकांसाठी अडून बसले. जूनमध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1934 पासून 2,500 डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित झाल्या. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे.

आपणही फार मागे नव्हतो. केरळातली पलाई सेंट्रल बँक 1960 मध्ये बुडाली आणि 1962 पासून भारतात 1,500 रुपयांपर्यंत विमा आला. घोडं अडलं ते वेळेवर. रिझर्व्ह बँकेने नुसते निर्बंध घातले, परवाना रद्द केला नाही, तर विमा लागूच होत नसे. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती, तीही सहा महिन्यांत मिळून! त्या गदारोळानंतर 1993 पासून लाखावर अडकलेली मर्यादा 2020 मध्ये पाच लाख झाली, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यायचं बंधन आलं. आत्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

मी आईला एवढंच बजावलं की पाच लाख हे एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून धरतात. दोन दिवसांनी तिचा फोन आला. कपाटातली तिन्ही पासबुकं एकाच बँकेची निघाली, शाखा तेवढ्या वेगळ्या.